नानांची रोजची तबकडी

हरणी, बडोदे
महाशिवरात्रीचा आदला दिवस

प्रिय हेरंब,

कुरिअरवाल्याने डबा आणून दिला आणि त्याच्यासोबत चक्क हाताने लिहिलेलं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. नानांनी सकाळी दूधपोळी खाल्ली, शेजारच्या विमलबेनच्या मांजराला शिव्या दिल्या आणि आता खिडकीपाशी बसलेत. फोन करता आला नसता का, असं तुझी शैला म्हणेल. नसता आला. फोनवर तू ‘हो ताई, बघू ताई’ म्हणतोस, मागे तुझी मीटिंग चालू असते, मला राग येतो, मी फोन ठेवते आणि मग आपण दोघं आठवडाभर एकमेकांना सुप्रभातची फुलं पाठवत बसतो. शिवाय डब्यातल्या वस्तू कशासाठी आहेत ते नीट समजावून सांगायचं आहे. पत्र संपेपर्यंत डबा उघडू नकोस. उघडला असशीलच म्हणा, लहानपणापासून तुला कुठे दम निघतोय.

परवा तू घरच्या ग्रुपवर नानांचा फोटो टाकलास. डोळ्याला भिंग, हातात मोटारसायकलच्या मीटरची तबकडी, खिडकीतून आलेलं ऊन. खाली लिहिलंस, ‘ब्याऐंशीव्या वर्षीही काम सुरूच!’ इंदूरच्या आत्यापासून ठाण्याच्या मामांपर्यंत सगळ्यांनी हात जोडले. फोटो मीच तुला पाठवला होता आणि तो खोटा नाही. नाना रोज तसेच बसतात. पण ते बसून काय करतात, हे तू कधी विचारलं नाहीस. दिवाळीत मी सांगायला गेले तर म्हणालास, वयानुसार थोडं विसरायला होतंच गं, हात चालताहेत ना? हात चालताहेत, हेरंब. ते कुठे चालताहेत तेवढं आज ऐकून घे.

प्रतापनगरचं आपलं क्वार्टर आठवतं तुला? नाना दिवसभर वर्कशॉपात इंजिनांची प्रेशर गेजं दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी कोणाच्या तरी मोटारसायकलचं मीटर घेऊन बसायचे. आधी वर्कशॉपातल्या मित्रांची, मग मित्रांच्या मेहुण्यांची, मग राजकोट, नडियाद, कुठून कुठून माणसं बुलेटची नि जावाची मेलेली मीटरं कापडात गुंडाळून आणायला लागली. आई वैतागायची, कारण चहाच्या बशीत काटे आणि स्क्रू. नानांची कामाची रीत ठरलेली. आधी वरच्या कड्याची दुमडलेली कड जराही न चिरता उचलायची. मग काट्याला हात न लावता बटर पेपरवर आकड्यांची नक्कल काढायची. मग काटा त्याच्या खुंटीवरून अलगद पलीकडे सोडायचा आणि तो कुठे जाऊन थांबतो तिथे नकलेवर पेन्सिलीची खूण करायची. त्यानंतर तबकडी धुऊन नागडी करायची, काळा रंग द्यायचा आणि आकडे काढायचे. आकडे आपल्याकडे असायचे. त्यातले सहा आणि नऊ तुझे. तुझ्यासारखी वेलांटी माझ्या हाताला कधी वळली नाही आणि नाना ते सगळ्यांसमोर सांगायचे. मी चित्रकला शिकले, शाळेत चित्रकला शिकवली, तरी सहा आणि नऊ हेरंबचेच. तेव्हा तुझा फार राग यायचा, आता त्यासाठी तुझी गरज आहे.

नानांचं विसरणं शेवटाकडून सुरू झालं. पहिल्यांदा कडं परत दाबून बसवायचं विसरले. मग काटा बसवायचं. मग एकदा आकडे काढायला बसले आणि ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे. मी ब्रश काढून घेतला आणि म्हटलं, नाना, मी करते, तुम्ही पुढचं धुवायला घ्या. तिथून हे सगळं सुरू झालं. आता त्यांना फक्त धुणं येतं. तबकडी दिसली की ती धुवायची, एवढंच हातात उरलंय आणि ते मात्र इतकं सफाईदार उरलंय की कोणालाही वाटावं, म्हातारा अजून जोरात आहे. पालनपूरच्या एकाचं मी पूर्ण करून ठेवलेलं मीटर त्यांनी सकाळी उठून उघडलं आणि पुसून टाकलं. मी रडले, पुन्हा रंगवलं, पुन्हा पुसलं. शेवटी बाहेरची सगळी कामं खऱ्या थिनरसकट गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद केली आणि भंगारातल्या एका राजदूतची तबकडी नानांना दिली. ती मी संध्याकाळी पोस्टर कलरने रंगवते. थिनरच्या बाटलीत साधं पाणी भरून ठेवते. सकाळी नाना भिंग लावतात, कापूस भिजवतात आणि शून्यापासून सुरुवात करून एकेक आकडा पुसतात. जेवायच्या आत तबकडी कोरी. मग खूश होऊन हाक मारतात, चारू, ही झाली बघ. मी म्हणते, छान झाली नाना. संध्याकाळी मी पुन्हा रंगवायला बसते.

हे मी किती दिवस करते आहे ते मोजलं नाही आणि मोजणारही नाही. तुझा तो फोटो म्हणजे पुसणं चालू असतानाचा फोटो आहे.

तू म्हणशील, एखाद्या संध्याकाळी नाही रंगवली तर काय आभाळ कोसळेल? मागच्या भाद्रपदात मला ताप होता. तबकडी कोरीच राहिली. सकाळी नानांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि त्यांना वाटलं काम संपलं. काम संपलं की साहेबांना सांगून यायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. मी ग्लानीत पडलेली. ते चपला घालून, डबा काखेत मारून निघाले ते थेट प्रतापनगरला. हरणीहून प्रतापनगर, हेरंब, भर उन्हात, चालत. डबाही रिकामाच होता. वर्कशॉपच्या फाटकाशी एका रेल्वेवाल्याने त्यांना ओळखलं, स्कूटरवर बसवून घरी आणलं. मी दारातच बसून होते, विमलबेनचा मुलगा दुसऱ्या बाजूला शोधायला गेला होता. त्या रेल्वेवाल्याला मी चहासुद्धा विचारला नाही, नुसती नानांचा हात धरून उभी होते. त्या दिवसापासून जाळीच्या दाराला कुलूप असतं. मी ते आतून लावते आणि किल्ली गोफात घालून गळ्यात ठेवते, कारण टेबलावर ठेवली की नाना शोधून काढतात.

माणूस ठेव, असं तू दोनदा सांगितलंस. ठेवला होता. नानांना वाटलं तो त्यांची हत्यारं चोरायला आलाय. पान्हा घेऊन अंगावर धावले. बाई ठेवली, ती भली होती, पण संध्याकाळी तबकडी कोण रंगवणार? तिला मी आकडे काढायला बसवलं तर म्हणाली, आ तो भणेला लोकोनुं काम छे, बेन, शिकलेल्यांचं काम. आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. शाळा तर मी आधीच सोडली. भाजी दारात येते, औषधं दारात येतात, केस कापायला न्हावी दारात येतो. मी नवं पातळ शेवटचं कधी घेतलं ते आठवत नाही, कारण नेसून जायचं कुठे? मला नानांचा कंटाळा आलाय असं समजू नकोस. मला नाना प्रिय आहेत. पण मी अडकले आहे, हेरंब. हे वाक्य मी आजवर कुणाला बोलले नव्हते. लिहून पाहिलं, तर हात थांबला नाही.

आता उत्तरायणाची गोष्ट. गजेंद्रभाई म्हणून भावनगरचे एक गृहस्थ आहेत, पासष्टीच्या पुढचे. वडिलांच्या हौसेच्या जुन्या मोटारसायकली त्यांनी घराच्या मागच्या हॉलमध्ये जपून ठेवल्यात. डिसेंबरात ते एक मीटर घेऊन आले. तबकडीचा डावा भाग काळाभोर, उजवा भाग उडून तपकिरी झालेला, तिथले आकडे जेमतेम दिसणारे. मी म्हटलं, नवी करून देते. तर घाईघाईने म्हणाले, ना ना बेन, एने रंग ना करता, खाली काटो चालतो करी आपो, म्हणजे नुसता काटा चालू करून द्या. त्यांचे वडील दुकानासमोर गाडी रोज एकाच जागी लावायचे आणि दुपारचं ऊन नेहमी त्याच बाजूला पडायचं. तो उडालेला रंग म्हणजे वडिलांचं दुकान, असं त्यांना वाटत होतं. मला ते फार आवडलं. मी नक्कल काढली, यंत्र साफ केलं, काटा बसवायचा तेवढा ठेवला आणि सगळं कपाटात बंद केलं.

वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी विमलबेन जाळीशी आल्या. वर गच्चीवर उंधियु आणलंय, सगळी सोसायटी वर आहे, चालो ने चारुबेन, जरा हवा खाओ. नाना जेवून झोपले होते. मी जाळीला बाहेरून कुलूप लावलं आणि वर गेले. वर किती उजेड होता! सगळं आभाळ पतंगांनी भरलेलं. कुणीतरी माझ्या हातात फिरकी दिली आणि मी फिरकी धरून उभी राहिले. कोणाचा तरी पतंग काटला, सगळे ओरडले, मीही ओरडले. माझा आवाज मला ओळखू येईना. आणि तशात आठवलं की कपाटातून आपण आज रंग कालवायची वाटी काढली होती, किल्ली कपाटालाच राहिलीय.

खाली आले तेव्हा घरभर थिनरचा वास. नाना खिडकीपाशी बसलेले, पुढ्यात गजेंद्रभाईंच्या वडिलांची तबकडी, आरशासारखी कोरी. आनंदाने त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाले, चारू, हल्ली थिनर पाणचट यायचं, आज बघ कसं अस्सल मिळालं. एका हातात निघालं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी तबकडी माझ्या हातात अशी दिली, जणू बक्षीसच देताहेत. मी म्हटलं, छान झाली नाना. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. रडू तबकडीसाठी होतंच, पण खरं रडू त्या गच्चीसाठी होतं. एकदा वर गेले, हेरंब. एकदाच गेले.

गजेंद्रभाईंना मी तेव्हाच फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, हुं आवुं छुं, येतो. दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. मला वाटलं आता पोलीस, पंच, काय काय होतंय. ते नानांसमोर खुर्ची ओढून बसले. नानांनी त्यांना ती कोरी तबकडी दाखवली आणि कसं एका हातात निघालं ते रंगवून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. गजेंद्रभाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, बहु सरस काम कर्युं, काका. मग मला विचारलं, नक्कल आहे ना? मग तुम्हाला जमेल तसं करा.

नक्कल आकड्यांची होती, उडालेल्या रंगाची नव्हती. तो डोळ्यासमोर होता, एवढंच. मी आधी तबकडी नवीकोरी रंगवली. मग उजवी बाजू चहाच्या पाण्याने, मलमलीच्या बोळ्याने, बोटाच्या पेराने झिजवत गेले. नवं जुनं करणं आपल्याकडे कधी कोणी केलं नव्हतं, आपला सगळा जन्म जुन्याचं नवं करण्यात गेला. दोन वेळा बिघडलं, पुसलं, पुन्हा केलं. पुसल्याचं मला काही वाटेनासं झालंय, त्याचा इथे उपयोग झाला. गजेंद्रभाई घ्यायला आले तेव्हा त्यांनी मीटर खिडकीत नेलं, उन्हात धरलं, चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, आ तो ए ज छे, हे तर तेच आहे. आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. नाना म्हणाले, पाणी दे गं त्यांना.

निघताना मी कुलूप उघडायला गळ्यातून किल्ली काढली, तर ते जाळीशीच थांबले. विचारलं, बेन, ताळुं तमे अंदरथी मारो छो, कुलूप तुम्ही आतून लावता? मी हो म्हटलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. हॉलमधल्या सगळ्या गाड्यांची मीटरं करायची आहेत, काढून पाठवायला त्यांचा जीव होत नाही, तर मी भावनगरला येऊन राहावं. उन्हाळाभर. त्यांच्या आई एकट्याच वरच्या मजल्यावर असतात, त्यांच्या शेजारची खोली माझी. आई स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या, आवी जा बेटा, अगाशी मोटी छे, म्हणजे गच्ची मोठी आहे. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

मी जमणार नाही म्हटलं. लगेच म्हटलं, विचारसुद्धा न करता. आणि दुसऱ्या दिवशी एका जावाचं मीटर उघडून बसले होते, तर काटा खुंटीवरून पलीकडे सोडायची वेळ आली. तुला माहीत आहे, बाहेरून बघणाऱ्याला काटा शून्यावर निवांत टेकलेला दिसतो. खरं तर आतली केसासारखी स्प्रिंग त्याला सतत पलीकडे ओढत असते आणि खुंटी त्याला अडवून धरते. खुंटीवरून उचलला की तो सर्रकन निघून जातो. या वेळी तो गेला आणि मी पेन्सिल हातात घेऊन नुसती बघत राहिले. मला जायचं आहे, हे मला त्या क्षणी कळलं. खूण करायची राहून गेली आणि ते मीटर आता वीस किलोमीटर जास्त दाखवतंय, नानांनी ऐकलं तर कानाखाली देतील. मग मी भावनगरला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं.

म्हणून हे पत्र. डब्यात राजदूतची तबकडी आहे, आणि तशीच दुसरी मी जुन्या बाजारातून मागवून इथे ठेवलीय, म्हणजे नानांचं अडणार नाही. सोबत पोस्टर कलरच्या बाटल्या, बारीक ब्रश आणि बटर पेपरवरची नक्कल आहे. होळीपर्यंत रोज संध्याकाळी एकदा रंगवून बघ. सहा आणि नऊ तुला शिकवायला नकोत, बाकीचे जमतील. तुझं काम घरूनच चालतं असं तूच सांगतोस, तर लॅपटॉप इथे आण, समोरच्या खोलीत इंटरनेट चांगलं येतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाचं भावनगरचं तिकीट मी काढलंय. तू धुळवडीला ये. शैलाला वाईट वाटेल, तिला माझ्या वतीने सांग की उन्हाळा संपला की मी परत येणार आहे, पळून जात नाहीये. नाना तुला कदाचित ओळखणार नाहीत, मेकॅनिक समजतील, वाईट वाटून घेऊ नकोस. तू काढलेला सहा ते सकाळी पुसतील आणि तुला हाक मारून दाखवतील. तेव्हा छान झाली म्हणायचं आणि संध्याकाळी पुन्हा काढायचा. नाही आलास तर मी इथेच असेन, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. डब्याच्या तळाशी कापसात जाळीच्या कुलपाची एक किल्ली आहे. दुसरी माझ्या गळ्यात आहे, ती तू आलास की काढीन.

तुझीच,
चारूताई